सहावीचे वर्ष कुणाच्या हवाली करावे?

मुलगी सहावीत जाणार आणि यापुढे आम्ही तिला इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात घरीच शिकवणार, हे कळल्यावर लातूरहून माझ्या थोरल्या दिरांनी जे मत दिले, ते उन्हाळा सरला तरी मनातून जात नाही. ज्या देशात सरकारी शाळा फुकट आहे आणि बस दारात येते, तिथे लेकराला घरी बसवणे हा नसता नाद आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. शिवाय सहावीपासून क्लासची फाउंडेशनची बॅच लावली नाही तर पुढे ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला ती तगणार नाही, हेही त्यांनी बजावले. सासर-माहेरच्या बहुतेकांनी त्याला दुजोरा दिला. माझा आक्षेप असा आहे की, ही दोन वाक्ये एकाच माणसाने एका दमात म्हणावीत आणि त्यांतली विसंगती कुणालाच खटकू नये.

लातूर पॅटर्नविषयी मी कधी हलके बोललेली नाही आणि बोलणारही नाही. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून पुढे आलेल्या त्या पद्धतीने कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरांतली मुले डॉक्टर आणि इंजिनिअर झाली. पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे मराठवाड्याने मान खाली घालावी, असे दिवस तिने संपवले. परंतु ती पद्धत अकरावी-बारावीच्या मुलांसाठी होती. सराव परीक्षांमागून सराव परीक्षा आणि प्रत्येक चुकीची चिरफाड हे सतराव्या वर्षी पेलते. तेच अकरा वर्षांच्या मुलावर लादायचे, सायंकाळचे खेळणे काढून घ्यायचे, पुढे कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरता प्रवेश ठेवून दिवसभर क्लासमध्ये बसवायचे, यात शाळा उरते कुठे? शाळा तर तिकडेच कधीची मोडीत काढली आहे. ठपका मात्र आमच्यावर.

घरी शिकवणे म्हणजे मोकाट सोडणे, ही समजूतही तिकडे घट्ट आहे. पेनसिल्व्हेनियात १९८८ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. एक ऑगस्टच्या आत स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे, प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि त्याला विषयवार उद्दिष्टांचा आराखडा जोडावा लागतो. वर्षाला १८० दिवस किंवा सहावीपर्यंत ९०० आणि सातवीपासून ९९० तास शिक्षण झाले पाहिजे. भाषा, गणित, विज्ञान, भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र, आरोग्य, संगीत, चित्रकला, इतकेच काय, आगीपासून बचाव हाही विषय ठरलेला आहे. तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित चाचणी असते. वाचलेल्या पुस्तकांची नोंद आणि कामाचे नमुने घेऊन वर्षअखेर एका पात्र शिक्षकासमोर बसावे लागते. तो मुलाशी स्वतः बोलतो आणि मगच दाखला देतो. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरच्या शिक्षणाचा उल्लेखच नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची तिसरी, पाचवी आणि आठवीची समकक्ष परीक्षा अशा मोजक्या वाटा आहेत. त्यामुळे दिरांच्या डोळ्यांपुढे अशा शिक्षणाचे चित्रच नाही, हे मी समजू शकते. चित्र नसताना निकाल देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. मुलगी चारचौघांत मिसळणार कशी, या प्रश्नाचे उत्तरही कायद्यातच आहे. २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार घरी शिकणाऱ्या मुलांना डिस्ट्रिक्टच्या संघातून खेळता येते. ती पोहण्याच्या संघात आहे आणि गुरुवारी को-ऑपमध्ये, म्हणजे घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी मिळून चालवलेल्या वर्गात असते.

आता आराखड्याविषयी, कारण खरा कस तिथे लागतो. पाचवीपर्यंत मूल आपण दिलेले घेते. सहावीपासून त्याने स्वतः मांडणी करायला शिकले पाहिजे. म्हणून गणितात मी घाई ठेवलेली नाही. अपूर्णांक, गुणोत्तर आणि ऋण संख्या या तिन्हींवर हात बसल्याशिवाय बीजगणिताचे पान उघडायचे नाही, मग त्याला मार्च उजाडला तरी चालेल. क्लासची बॅच अशी एका मुलासाठी थांबू शकत नाही आणि अपूर्णांकात कच्चे राहिलेले मूल दहावीपर्यंत सूत्रे पाठ करून वेळ मारून नेते, हे मी माझ्याच वर्गमैत्रिणींत पाहिले आहे. लेखनासाठी दर आठवड्याला एकच निबंध आहे, पण तो तीनदा लिहायचा: पहिल्यांदा मनात येईल तसा, दुसऱ्यांदा क्रम लावून आणि तिसऱ्यांदा निम्मा करून. वाचनाची नोंद ती स्वतः ठेवते, मी फक्त पाहते.

विज्ञानाचा पहिला घटक जमीन हा आहे. आम्ही राहतो त्या खोऱ्यात चुनखडक आहे, तर माझ्या माहेरी आणि सासरी काळा बेसॉल्ट. चुनखडक पाण्यात विरघळतो, त्यात पोकळ्या आणि झरे तयार होतात; बेसॉल्टमध्ये पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत तेवढे. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी का आणावे लागले, याची सुरुवात या खडकापासून होते. पाऊस, ऊस आणि उपसा हे त्यानंतर येतात. माझ्या मुलीने हे क्रमाने समजून घ्यावे, असे मला वाटते. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ ला, तेव्हा मी स्वतः सहावीत होते. तोवर आमचा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात धरला जात होता. गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे हजारो माणसे गेली, शाळा पुन्हा सुरू झाली आणि गुरुजींनी राहिलेला धडा पुढे चालू केला. पायाखालची जमीन का हलली, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. गुरुजींना दोष नाही, पुस्तकात ते नव्हते. पण मुलाच्या मनात सर्वांत मोठा प्रश्न उभा असताना अभ्यासक्रमाला त्याच्यापाशी थांबता आले पाहिजे, हे माझे मत तेव्हापासूनचे आहे.

इतिहासात पेनसिल्व्हेनिया शिकवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तो मी मनापासून शिकवते. त्याच्या जोडीला मराठवाडा ठेवला आहे. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते, उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातच निघाले. अशा काळात मराठवाड्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे मुले घडवली. सरकारने ठरवलेले शिक्षण आपल्या लेकरांना पुरत नाही, असे ज्यांना वाटले त्यांनी आपले शिक्षण आपण उभे केले, हा आमच्याच मातीचा वारसा आहे. दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचे झेंडावंदन करणाऱ्या माणसांनी मला ‘असे कुणी करते का’ म्हणून विचारावे, याचे म्हणूनच अधिक वाईट वाटते.

दिरांना जे सांगितले नाही, ते इथे लिहिते. आराखड्याचे शेवटचे पान मराठीचे आहे आणि ते कुणी मागितलेले नाही. बालभारतीची सहावीची पुस्तके उतरवून घेतली आहेत, रोज अर्धा तास वाचन आहे, आठवड्याला आजीला एक पत्र आहे. शाळेत जात होती तोवर मुलगी घरी यायची ती थकून आणि इंग्रजीत. सायंकाळी मराठीसाठी उरायचे ते उष्टे तास. घरी शिकवण्याची जी कारणे मी लोकांना देते, ती सगळी खरी आहेत. पण त्यांच्या मुळाशी ही भीती आहे की, माझी मुलगी माझ्या आईच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखी बसेल, बोललेले समजेल आणि उत्तर देता येणार नाही. मी स्वतः तिकडच्या वादांत अजून इतक्या तावातावाने पडते, ते तिथले माझे बोलणे मोजले जावे म्हणून. इथल्या शाळांच्या वादात मला कधी इतका राग येत नाही, आणि बावीस वर्षे ज्या राज्यात काढली त्याच्याविषयी असे असणे मला बरे वाटत नाही.

सातवीपासून ९० तास वाढतील. त्यातले बरेचसे मी पुढच्या डिसेंबर-जानेवारीत शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येच्या सुमारास लातुरात खर्चणार आहे. शेतातल्या कोपीपाशी भज्जी आणि आंबील होईलच, पण त्याआधी भावकीच्या विहिरींतील पाण्याची पातळी ती दोरीने मोजेल, ज्वारीचे पीक आणि मातीचा थर वहीत उतरवेल आणि त्या विहिरी कुणी, कधी आणि किती खोल खणल्या हे थोरल्यांना मराठीत विचारून लिहून आणेल. प्रतिज्ञापत्रात हे सारे भूगोलाखाली नोंदवायचे आहे.