तोरणा-राजगड धार: वाट मळलेली आहे, पण…

तोरण्याहून राजगडला डोंगरधारेने चालत जाण्यावरच्या एका लेखात 'वाट मळलेली, चुकायचा प्रश्नच नाही' असं म्हटलंय. डिसेंबरात ठीक, पण दिवाळीच्या आगेमागे जाणाऱ्यांनी यावर विसंबू नये. तेव्हा गवत कमरेएवढं असतं आणि पायवाट त्यात बुडते. ढोरवाटा मात्र ठळक दिसतात आणि त्याच फसवतात, कारण त्या धार सोडून तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्हे गावाच्या अंगाला उतरतात. सलग दहा मिनिटं उतरत राहिलात आणि धार डोक्यावर गेली, की समजा चुकलात. मुकाट परत वर या.

खरी अडचण तोरण्याच्या बुधला माचीवरून धारेवर उतरताना आहे. वाळलेलं गवत उताराच्या दिशेने आडवं पडतं आणि त्याखाली ज्वारीच्या दाण्यांसारखा सुटा मुरूम असतो. तिथे टाच रोवून सरळ उतरलं की पाय सटकलाच. उताराला अंग आडवं ठेवून बुटाची कड रुतवत उतरा. गवत धरायचंच तर मुळाशी, शेंडा हातात येतो! दोघांत अंतर ठेवा, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याला लागतो.

पाणी तोरण्यावरच भरून घ्या, माणशी किमान तीन लिटर. पुढे धारेवर सावली जेमतेम. वेल्ह्यातून सहाला निघून दुपारी एकपर्यंत दोन्ही किल्ल्यांमधल्या खिंडीतला डांबरी रस्ता गाठला नाही, तर राजगडाच्या संजीवनी माचीचा चढ अंगावर घेऊ नका, तिथूनच गाडीरस्त्याने उतरा. राजगडावरून उतरायला अंधारात चोर दरवाजा नको, पाली दरवाजाच्या पायऱ्या बऱ्या.