चष्म्याचा नंबर

तीन वर्षांपूर्वी गल्लीत मोफत नेत्रतपासणी शिबिर झालं. चष्म्याचा नंबर काढायला गेलो आणि मोबाईलचा नंबर देऊन आलो. तेव्हापासून मी राजकारणात आहे.

बेळगावच्या शहापुरात आमच्या घरात गणेश मंडळाचा खजिनदारसुद्धा कुणी झालेला नाही. आज माझ्या फोनात चार पक्षांचे सात ग्रुप आहेत. कुणी कन्नडमधून सुप्रभात म्हणतं, कुणी मराठीतून, कुणी हिंदीतून. गुलाब तोच, खालचा हात जोडलेला फोटो तेवढा वेगळा. १ नोव्हेंबरला तर कर्नाटक राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या शुभेच्छा आणि बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून त्याच दिवशी पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीची हाक एका मिनिटाच्या अंतराने येतात. मी दोन्हीकडे कार्यकर्ता.

बाहेर पडावं, तर अॅडमिनला कळतं. आणि एका ग्रुपचा अॅडमिन आमचा दूधवाला. एकदा पडलो. सकाळी पिशवी हातात देताना तो एवढंच म्हणाला, "काका, काय चुकलं आमचं?" चहा उकळायच्या आत मी परत ग्रुपात.

गेल्या वर्षी त्याच्या नेत्याने पक्ष बदलला. ग्रुप मोडला नाही. नाव बदललं, चिन्ह बदललं, माणसं तीच. रात्री एका पक्षात झोपलो ते सकाळी दुसऱ्या पक्षात उठलो. एवढ्या स्वस्तात कुणी पक्षांतर केलं नसेल.

तरी आपलं नशीब म्हणायचं. १९९६ च्या लोकसभेला सीमाप्रश्न देशाच्या नजरेत आणायला बेळगावातून ४५६ उमेदवार उभे होते. मतपत्रिका की वही, कळेना. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं. प्रत्येकाने एकेक ग्रुप काढला असता, तर नुसत्या सुप्रभातीला दुपार झाली असती.

या ग्रुपांत आपल्याला बोलता येत नाही. 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात.' आठवडाभर नळ कोरडा, म्हणून लिहायला गेलो, तर लिहायला जागाच नाही.

आईने मात्र वाट काढली. परवा दुपारी फोन वाजला. तिने उचलला. "नन्न प्रीतिय मतदार बांधवरे, नमस्कार..." उमेदवाराचा रेकॉर्ड केलेला आवाज. आई पदर सावरून बसली.

"नमस्कार. बरं झालं फोन केलासा. आमच्या गल्लीत आठ दिस पाणी न्हाई बघा."

तिकडून विकास.

"हां, ते खरं. पण गटारीचं झाकण बी फुटलंय. परवा पोरगं पडलं असतं त्यात."

तिकडून तरुणांना रोजगार.

"पोराला नको, नळाला बघा आधी."

आवाज थांबला. आईने फोन माझ्याकडे दिला. "चांगला माणूस हाय. मधी एकदा बी तोडलं न्हाई मला."

काल पुन्हा तोच फोन आला. मी कट करणार, तेवढ्यात आईने हिसकावून घेतला.

"काय वो, परवा सांगितलेलं काय झालं?"