‘दुधाचे दात पडणारच’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या वर्षी शाळा उघडायच्या चार दिवस आधी आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला होता. यंदा तोच पुन्हा फिरतोय, फोंड्याला माझ्या बहिणीच्या ग्रुपवरही पोहोचलाय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: दुधाचे दात पडणारच असतात, त्यांच्यावर पैसे घालवू नका. गूळ आणि घरचं गोड दातांना बाधत नाही, आणि चॉकलेट एकदम देण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं द्या. फ्लोराइडची पेस्ट म्हणजे विष. सकाळी एकदा दात घासले की पुरे. आजी-आजोबांनी राखेनं नि मशेरीनं दात घासले, त्यांचं काय बिघडलं? बाकी सगळा दाताच्या डॉक्टरांचा धंदा.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात तिसरीला शिकवते. मेसेज पुढे पाठवणाऱ्या आयांवर माझा राग नाही. जूनमध्ये वह्या, रेनकोट, बूट, बसचे पैसे असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो, तेव्हा ‘हा एक खर्च नको’ असं कुणी सांगितलं की बरंच वाटतं. पण या मेसेजची किंमत मुलं मोजतात, आणि ते मी वर्गात बघते.

पहिला मुद्दा, दुधाचे दात पडणारच. पडणार, पण कधी? दुधाचे दात एकूण वीस. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात, म्हणून आपल्याला वाटतं की सगळे लवकरच जातील. मागच्या दाढांचं तसं नाही. दुधाची दुसरी दाढ साधारण अडीच वर्षांची असताना येते आणि दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते. म्हणजे अख्खी प्राथमिक शाळा मूल याच दाढांनी जेवतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. मध्यान्ह आहारात पाव-भाजी आली की ती उंड्याची, म्हणजे गोल पावाची, कडक साल सोलून बाजूला ठेवायची, आतला मऊ गर भाजीत बुडवायची आणि पुढच्या दातांनी कुरतडत खायची. तिला खोड आहे असं समजून मी दोनदा रागावलेही. एका सोमवारी ती आली तेव्हा डावा गाल सुजला होता, डोळा अर्धवट मिटलेला. दाढ मुळापर्यंत सडून पू झाला होता. चाचणी परीक्षेचा सगळा आठवडा बुडाला. आई म्हणाली, “बाई, दुधाचाच दात ना, पडेल म्हणून थांबले.” त्या बाईंना कुणीतरी तसं सांगितलं होतं, म्हणून त्या थांबल्या होत्या.

दुधाच्या दातांचं वरचं कवच पातळ असतं, त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोहोचते. मुळाशी झालेला पू खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला डाग पाडू शकतो, त्याचं कवच कच्चं ठेवू शकतो. आणि ती दाढ वेळेआधी काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते, नव्या दाताची जागा खाते, मग दात वेडेवाकडे येतात. आज भरण्याचे पैसे वाचवले तर पुढे तारा लावायला त्याच्या कितीतरी पट जातात.

याहून मोठी एक गोष्ट आहे. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, ती गुपचूप मागून येते. ती कायमची असते. बहुतेक घरांत तिला दुधाचीच समजतात, आणि ‘पडणारच’ या हिशोबात तीही किडू देतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला खिडकीच्या उजेडात आ करायला सांगा. समोरच्या दोन दातांमधल्या फटीपासून एका बाजूला मोजत जा. सहावा दात दिसला तर तीच ती. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

आता गूळ. गूळ रसायनाशिवाय केलेला असेल, त्यात लोहही असेल, पण दातावरच्या जंतूंना त्याचं काही नाही. गुळातही मुख्य भाग साखरेचाच. आपल्या जत्रेतलं खाजें घ्या. बेसनाच्या कांडीवर आल्याचा वास असलेला गुळाचा पाक, मलाही फार आवडतं. चावलं की तो पाक दाढेच्या खळग्यात जाऊन बसतो आणि जिभेनं काढला तरी निघत नाही. साखर, गूळ, मध काहीही असो, जंतू ते खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दाताचं कवच विरघळतं. लाळ ते आम्ल धुऊन पुन्हा सगळं जागेवर आणते, पण त्याला अर्धा तास किंवा जास्तच लागतो.

म्हणूनच ‘थोडं थोडं दिवसभर द्या’ हा सल्ला मेसेजमधला सगळ्यात घातक. सकाळी साडेसहाला चहा-बिस्किट, बसमध्ये गोळी, मधल्या सुट्टीत क्रीमचं बिस्किट, वर्गात वाढदिवसाचं चॉकलेट, घरी आल्यावर पाकिटातला ज्यूस, टीव्हीसमोर पुन्हा बिस्किट. सहा वेळा झालं. प्रत्येक वेळचा अर्धा तास धरला तर तीन तास दात आम्लात. तेवढंच गोड जेवणाबरोबर एकदा खाल्लं असतं तर अर्ध्या-पाऊण तासात मिटलं असतं. माझ्या वर्गात सव्वीस मुलं आहेत, म्हणजे वर्षाला सव्वीस वाढदिवस, आणि चॉकलेट नेहमी दोन जेवणांच्या मध्येच वाटलं जातं.

हे नुसतं तर्काचं नाही. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या मनोरुग्णालयात 1940 च्या दशकात मतिमंद रुग्णांना साखर वेगवेगळ्या तऱ्हेनं देऊन पाहिली. जेवणाबरोबर दिलेल्या साखरेनं दात फारसे किडले नाहीत, जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट टॉफीनं भराभर किडले. ज्यांना नको म्हणता येत नव्हतं अशा माणसांवर तो प्रयोग लादला गेला, तो अन्यायच होता. त्यांच्या दातांनी शिकवलेलं आपण ऐंशी वर्षांनी उलटं सांगत फिरू नये.

गणेश चवथीच्या नेवऱ्या, नाताळचा दोदोल मुलांना जरूर द्या. जेवणाच्या पानातच द्या, वर पाणी प्यायला लावा. मधल्या वेळी तवशाच्या (काकडीच्या) फोडी, पेरू, भाजलेले शेंगदाणे, खोबऱ्याचा तुकडा.

फ्लोराइडबद्दल मेसेजमध्ये एक अर्धसत्य आहे, म्हणून ते नीट पाहायला हवं. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दातांवर डाग पडतात, हाडं आखडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांनी ते भोगलंय. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1.5 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. आता पेस्टचा हिशोब करा. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड 1000 पीपीएमपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणजे ग्रॅमला एक मिलिग्रॅम. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, म्हणजे साधारण पाव ग्रॅम. त्यात फ्लोराइड पाव मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं थुंकून जातं. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात तशी घालू नका, आणि स्ट्रॉबेरीच्या वासाची ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, कारण मुलं ती चाटतात. एवढं पाळलं की हेच फ्लोराइड विरघळू लागलेलं कवच पुन्हा घट्ट करायला मदत करतं. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे ते दातावर राहतं. ट्यूबवर पीपीएमचा आकडा असतो, तो वाचा. काही आयुर्वेदिक म्हणवणाऱ्या पेस्टमध्ये फ्लोराइड मुळीच नसतं.

एकदा घासणं पुरत नाही, कारण झोपेत लाळ आटते. रात्री दातात अडकलेलं सकाळपर्यंत तिथंच काम करत राहतं. दोन्हींतली एक वेळ चुकणारच असेल तर रात्रीची चुकवू नका. आणि बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंत, शेवटचा हात मोठ्यांनी फिरवायचा.

आजी-आजोबांचं म्हणाल, तर माझी आजी आंब्याच्या पानानं दात घासायची, त्यात वाईट काही नव्हतं. राखेनं कवच झिजतं. मशेरी म्हणजे जाळलेला तंबाखू, त्यानं तोंडाचा कॅन्सर होतो. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं 1992 मध्येच बंदी केली. आणि त्या पिढीच्या दातांचं काही बिघडलं नाही, हे कुणी मोजून पाहिलं? माझ्या आजीची कवळी रात्री पितळी वाटीत पाण्यात असायची.

राहिला धंदा. खाजगीत फी जास्त घेणारे असतील, ते मी नाकारत नाही. पण बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय सरकारी आहे, 1980 पासूनचं, आणि तिथं लहान मुलांच्या दातांसाठी वेगळा विभाग आहे. दाढेच्या खाचा कीड लागायच्या आधी लेपानं बुजवता येतात, दातांवर फ्लोराइडचा वार्निश लावता येतो. दोन्हींत ड्रिल नाही, सुई नाही, काम काही मिनिटांचं. चवथीच्या धांदलीआधी एक सकाळ काढून मुलाला घेऊन जा, आणि गेल्यावर नेमकं सांगा: मागून आलेल्या नव्या दाढा बघा.