चवीला ठेंगा, सजावटीला बक्षीस

परवान्याशिवाय घरी बिअर करायला आपल्याकडे कायद्यानं मनाई, म्हणून मी आल्याची बिअर करतो. नावापुरतीच बिअर. पण धरमपेठेतल्या पेय-स्पर्धेत दरवर्षी तोच पहिला प्रश्न, "चढते का हो?"

नागपूरचा मे महिना, ४५ अंश. बाटल्या बर्फात ठेवा म्हणून हात जोडून सांगतो, तरी त्या टेबलावर उन्हातच! आत यीस्ट पेटलेलं. मग परीक्षकबाई बाटली गदागदा हलवून उघडतात, फेस थेट साडीवर, अन् शेरा मला: 'मांडणी अस्वच्छ'. अबे!

बीजेसीपी म्हणजे बिअर-परीक्षकांची अमेरिकी संस्था; तिच्या गुणपत्रिकेत ५० पैकी चवीला २०, सुगंधाला १२, दिसण्याला फक्त ३. आमच्याकडे पहिला नंबर कुणाला? पेल्याला संत्र्याची फोड खोचलेल्या पाकिटातल्या सरबताला.