पटवर्धन नंदुरबारचे नाहीत, पण ती लढाई आपल्याकडचीच

शहादा-तळोद्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘माहितीपटकार आनंद पटवर्धन मूळचे नंदुरबारचे. नर्मदेवरचा माहितीपट त्यांनी एकट्याने केला.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पटवर्धनांचा जन्म १९५० चा, मुंबईतला. सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या लढाईवरचा हा माहितीपट म्हणजे १९९५ चा ‘अ नर्मदा डायरी’. त्यावर सिमंतिनी धुरू यांचंही दिग्दर्शक म्हणून नाव आहे. फॉरवर्ड करताना बाईंचं नाव गाळलं जातं, हे मला फार खटकतं.

गोंधळ का झाला, ते समजू शकतं. त्या धरणाच्या पाण्यात गेलेलं मणिबेली गाव आपल्या अक्कलकुवा तालुक्यातलं. तेव्हा तो तालुका धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. मागे तळोद्यात आम्ही भिंतीला चादर बांधून हा माहितीपट दाखवला होता. पडद्यावर नदी आली तशी पुनर्वसन वसाहतीतली एक आजी उठली, पुढे गेली आणि चादरीवर हात ठेवून उभी राहिली. कोणीही तिला ‘बसा’ म्हणालं नाही.

तो मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका. धुरूंच्या नावासकट.