तेर की वेतिव्हेर? मी चौथ्या तासाला ठरवलं

गेले दोन आठवडे रोज सकाळी डाव्या मनगटावर तेर द’एर्मेस आणि उजव्यावर गेर्लांचा वेतिव्हेर लावतोय. पुरुषांसाठी लिंबूवर्गीय आणि लाकडी असा मेळ असलेला परफ्यूम हवा म्हटलं की बहुतेक जण ‘तेर घे’ म्हणून मोकळे होतात. मी मात्र वेतिव्हेर घ्यायचं ठरवलंय.

पहिल्या दहा मिनिटांत तेर जिंकतो, यात वादच नाही. झाँ-क्लोद एलेना यांनी तो २००६ मध्ये केला. त्यात संत्रं आणि ग्रेपफ्रूट आहे, पण रसाळ गोड नाही. साल चुरगाळल्यावर बोटांना राहतो तो कडवट वास, त्यावर मिरीची धार आणि मागे उन्हात तापलेल्या गारगोटीसारखं काहीतरी कोरडं. गारगोटीचा अर्क कुठे मिळत नाही, तो भास रचलेला आहे. तरी तो इतका खरा वाटतो की मी दर वेळी थांबून पुन्हा हुंगतो.

पण सालीच्या तेलात मुख्यतः असतं लिमोनीन. रेणुभार जेमतेम १३६, त्यामुळे ते भुर्रकन उडतं. वेतिव्हेर म्हणजे वाळा; त्याच्या मुळांतले रेणू दोनशेच्या पुढचे, ते तासन्‌तास कातडीवर राहतात. म्हणजे दुकानात आपण ज्याच्यावर भाळतो ते घरी पोचेपर्यंत विरलेलं असतं. उरलेला दिवस काढायचा असतो लाकडाबरोबर.

तेरच्या तळाशी वाळा आहे, सीडर आहे आणि भरपूर आयसो ई सुपर. हे कृत्रिम द्रव्य १९७०च्या दशकातलं. वास मऊ, हलक्या लाकडाचा, पण बऱ्याच जणांचं नाक त्याला लवकर सरावतं. माझंही सरावलं. तिसऱ्या तासाला मला वाटायचं, उडाला; शेजारी बसलेल्याला मात्र स्वच्छ येत असायचा. अशा वेळी हात पुन्हा बाटलीकडे जातो आणि खोलीतल्या बाकीच्यांना त्रास होतो. दुसऱ्याच्या श्वासाचा विचार परफ्यूम लावणाऱ्याने करायलाच हवा, याबाबतीत मी तडजोड करत नाही.

वेतिव्हेर १९५९चा, झाँ-पॉल गेर्लां यांचा. नावातच वाळा, शब्द मूळचा तमिळ. सुरुवात लिंबू आणि बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाची, जरा साबणाकडे झुकणारी. काहींना जुनाट वाटेल, मला स्वच्छ वाटते. मग जायफळ, सुकी तंबाखू, आणि त्याखालून वर येतात मातीसकट उपटलेली मुळं. चौथ्या तासाला मनगट नाकाशी नेलं तर ती तिथेच होती, थोडी धुरकट, थोडी हिरवी. किती उरलाय ते माझं मलाच कळत होतं, दुसऱ्याला विचारावं लागलं नाही.

तुम्ही दिवसभर मोकळ्यावर असाल तर तेर खुशाल घ्या, तिथे तो फार सुंदर पसरतो. फक्त कागदी पट्टीवर निवड करू नका. दोन मनगटं, दोन फवारे, आणि निदान चार तास दुकानाबाहेर.