"कुणालाही सुचलं असतं" या प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही लिहिलंत: "नमुन्यांना टॅग लावून एकत्र सीक्वेन्स करणं (डीएनएचा क्रम वाचणं) कुणालाही सुचलं असतं. इल्युमिनाच्या (सीक्वेन्सिंग यंत्रं बनवणारी कंपनी) माहितीपत्रकात ते छापलेलंच होतं. कोर्टाने निर्णय रद्द केला म्हणजे पेटंट गेलं. बाकी लेख म्हणजे वकिली शब्दांचा फुगा."

फुगा? आईच्या रक्तातून गर्भाचे गुणसूत्रदोष तपासण्याच्या पेटंटवरून अमेरिकेत झालेल्या अरिओसा विरुद्ध व्हेरिनाटा अपिलावर लिहिताना मी एकेक शब्द तोलून वापरला होता. मतभेद खुशाल नोंदवा, पण निदान पेटंटचा पहिला क्लेम (नेमक्या कशावर हक्क सांगितलाय ते कलम) वाचून या.

एक चूक कबूल. "निर्णय रद्द" हे मी मोघम लिहिलं. अरिओसाने याचिका करून व्हेरिनाटाच्या पेटंटला आव्हान दिलं, तेव्हा अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने पेटंट टिकवलं होतं. माहितीपत्रक याचिकेतल्या मुख्य संदर्भांत नव्हतं, एवढ्यावरून मंडळाने ते बाजूला सारलं असावं, असा अर्थ त्याच्या निकालातून निघत होता. म्हणून नोव्हेंबर 2015 मध्ये फेडरल सर्किटने (पेटंटची अपिलं ऐकणारं अमेरिकी कोर्ट) तो निकाल बाजूला ठेवून प्रकरण फेरविचाराला परत पाठवलं. पेटंटला त्या निकालाने धक्का लागला नाही.

आता "कुणालाही सुचलं असतं". नुसतं सुचून भागत नाही. जमेल अशी वाजवी खात्रीही त्या काळच्या तंत्रज्ञाला असावी लागते. क्लेममध्ये आईच्या रक्तातल्या मुक्त (पेशींबाहेरच्या) डीएनएमधून तपासायच्या गुणसूत्रावरचे किमान 100 आणि संदर्भ (तुलनेसाठीच्या) गुणसूत्रावरचे किमान 100 ठरावीक तुकडे वेचायचे आहेत. त्यांना नमुन्याची खूण जोडायची, सगळे एकत्र करायचे, मग मोजायचे.

या मुक्त डीएनएत गर्भाचा वाटा 10 टक्के धरा. गर्भात 21 वं गुणसूत्र तिहेरी असेल, तर आईच्या रक्तात त्याचं प्रमाण जेमतेम 5 टक्क्यांनी वाढतं. त्या गुणसूत्राच्या 10,000 रीड्स (वाचलेले तुकडे) मिळाल्या तर नैसर्गिक चढउतार 100 चा आणि वाढ 500 ची, म्हणजे फरक स्पष्ट दिसतो. नमुने एकत्र केल्यामुळे वाट्याला 1,000 च आल्या, तर चढउतार सुमारे 32 चा आणि वाढ अवघी 50 ची. निदान करायला हे फार कमी. त्यात पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवताना) काही तुकडे जास्त वाढतात, काही मागे पडतात, आणि तेवढा 5 टक्क्यांचा फरक तिथेच बुडतो. खूण प्रायमरलाच (प्रत काढायला सुरुवात करून देणारा छोटा डीएनए तुकडा) जोडली तर प्रायमर लांबतात, शेकड्यांनी एकत्र टाकले की एकमेकांना चिकटतात. हे "कुणालाही" सुचण्याचं काम आहे का? गेली अकरा वर्षं मी क्लेमचे तक्ते बनवतोय. असली वाक्यं त्यात कुठल्या रकान्यात बसवायची, ते तुम्हीच सांगा.

माहितीपत्रकामुळे इंडेक्सिंग (नमुन्यांना खूण लावणं) तंत्रज्ञाला ठाऊक होतं हे दाखवता येतं, आणि तेवढ्यासाठी मंडळाने ते वाचायलाच हवं होतं. पण वेचणं, खूण लावणं आणि मोजणं एकत्र का आणायचं, याचं कारण याचिकाकर्त्याला, म्हणजे इथे अरिओसाला, मूळ याचिकेतच मांडावं लागतं. नंतरच्या उत्तरात नवा मुद्दा घुसवता येत नाही.

बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देण्याजोगं काही नाही.